उरलेल्या कोऱ्या कागदांवर

श्री

चिंचवड स्टेशन,
सोमवार, ता. २५ मार्च १९५७

प्रिय ज्योतीराम,

तुला आणि वहिनींना नमस्कार, धाकटीला एक गालगुच्चा. भुसावळचं ऊन आता कसं असेल ते तूच जाणे; इथं तर दुपारी डांबरी रस्त्याला चप्पल चिकटते. आमच्या घरी मंजुळाबाईचा खोकला गेला. निवडणुका आटोपल्या, भिंतीवरची चित्रं तेवढी उरली. बाजारात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, एक तारखेपासून येणारे नवे पैसे. आमचा करीम शिपाई म्हणतो, "मालोजीराव, सोळा आण्यांचा रुपया कळायला मला तीस वर्षं लागली. शंभर पैशांचा कळेपर्यंत मी कबरीत असेन." मी म्हटलं, "तिथं सुट्टे मागत नाहीत, काळजी करू नकोस." कचेरी हसली. मीही हसलो. आठवड्यात तेवढंच.

शनिवारी टाकलेलं माझं कार्ड तुला उद्यापर्यंत मिळेल. त्यात मी लिहिलं आहे की खानावळीच्या बाबतीत तुझ्या आईला, आमच्या मावशींना, हरकत द्यायला उशीर झाला, अर्ज फेटाळला गेला, आणि एक एप्रिलला मंडळाची माणसं शेड पाडायला येतील. ते वाचून तू आईला रागाचं पत्र लिहायला बसशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. लिहिलंस तर टाकू नकोस. आधी हे वाच.

तू तीन वर्षांत इकडे आला नाहीस, म्हणून कचेरीबद्दल चार शब्द सांगतो. वसाहत मंडळ म्हणजे मुंबई-पुणे रस्त्याकडेच्या जागा कारखान्यांना आणि वस्तीला वाटून देणारी संस्था. तिचे अध्यक्ष नानासाहेब. त्यांच्या नावे येणारा कायद्याचा प्रत्येक कागद पहिल्यांदा आमच्याकडे येतो, म्हणजे त्यांचे सल्लागार वकील लक्ष्मणराव यांच्याकडे. लक्ष्मणरावांकडे येतो म्हणजे माझ्याकडे. अर्जांना पोच, नोटिसा, मुदतवाढ, वकिलांना उत्तरं, करारांच्या नकला. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा टकटक टकटक. सातवी पास माणूस मी, बार्शीहून एका पिशवीनिशी आलेला. पण आज लक्ष्मणराव मसुद्याचं पहिलं वाक्य बोलले की उरलेली तीन मी टाइप करून मोकळा होतो. कान तर तुला माहीत आहेतच. फळीच्या भिंतीपलीकडे नानासाहेब कोणाला "बघू" म्हणाले आणि कोणाला "बघू या" म्हणाले, यावरून मी दोन वेगळी उत्तरं तयार ठेवतो. एकदाही चुकलो नाही.

आता नानासाहेबांची एक गोष्ट. माणूस सज्जन, पण अमावास्येला सही करत नाही. वडिलांनी अमावास्येला खत केलं आणि जमीन गेली, असं काहीतरी. त्या दिवशी पेन खिशातून काढतसुद्धा नाहीत. तीन वर्षांपूर्वी यापायी कोर्टातलं एक उत्तर जवळजवळ मुदतीबाहेर जाणार होतं, तेव्हा तोड काढली मीच. आदल्या दिवशी मंडळाच्या छापील कोऱ्या कागदांवर त्यांच्या सह्या घेऊन ठेवायच्या. ते सहीखाली स्वतःच्या हातानं तारीखही घालतात, ती सवय. मग मजकुराच्या वर तीच तारीख टाइप करायची की कागद बिनबोभाट बाहेर. लक्ष्मणराव सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मालोजी वकील व्हायचा राहून गेला." मी ते वाक्य घरी जाऊन मंजुळाबाईला दोनदा ऐकवलं होतं.

सह्यांचे कागद नेहमी थोडे उरतात. छापील कागद महाग, म्हणून उरलेले मी पुढच्या दोन-चार दिवसांत किरकोळ कामाला वापरून टाकतो. तीन वर्षं वापरतोय. पोचपावती दोन दिवस मागच्या तारखेची निघाली तर कोणाचं काय बिघडतं?

आता मी हळूहळू लिहितो, कारण इथून पुढं एकही तारीख चुकायला नको.

एक मार्चला अमावास्या होती. अठ्ठावीस फेब्रुवारीला नानासाहेबांनी तीस कागदांवर सह्या केल्या. उरले सतरा. सोमवारी, चार मार्चला, लक्ष्मणरावांनी आठवड्यापूर्वीच दिलेली, रस्त्याकडेच्या शेडवाल्यांना द्यायच्या नोटिसांची यादी मी पहिल्यांदा उघडली. नावं होती बरोबर सतरा. मला आनंद झाला रे. एकही कागद वाया जाणार नाही म्हणून. सतराच्या सतरा मी त्या उरलेल्या कागदांवर उतरवल्या. सातवं नाव होतं, "रुक्मिणीबाई, खानावळ, पिंपरी रस्ता".

ते नाव बघून मी यंत्रावरून हात उचलला. तुला खोटं वाटेल, पण उचलला. एकोणीस वर्षांचा असताना मी त्या खानावळीत जेवलो, तुझ्या शेजारी पाटावर बसून, आणि आज पेनिसिलीनच्या कारखान्यातली चाळीस माणसं तिथं जेवतात. संध्याकाळी धावत गेलो. मावशींना म्हटलं, "घाबरू नका. हुकमाच्या तारखेपासून पंधरा दिवस हरकत देता येते. एकोणीस मार्चपर्यंत वेळ आहे. नुसती हरकत देऊ नका. जागा ज्योतीरामच्या वडिलांच्या नावावरून त्याच्या नावावर चढली आहे ना? तलाठ्याकडून उतारा येऊ द्या, तो जोडून द्या. उताऱ्यासमोर मंडळाचं काही चालणार नाही."

"तू म्हणतोस तवा बरोबरच आसंल," मावशी म्हणाल्या.

त्या वेळी नोटीस त्यांच्या हातात नव्हती. करीमनं ती दुसऱ्या दिवशी, पाच तारखेला दिली, टपालवहीवर अंगठा घेतला. मावशींना वाचता येत नाही. आणि मला वाचायची गरज वाटली नाही. मीच टाइप केलेला कागद. माझ्या डोक्यात तो कागद चार तारखेला जन्मला होता. वर काय तारीख घातली, खाली काय होती, हे माझ्या बोटांना ठाऊक होतं, मला नव्हतं.

तलाठ्यानं उतारा दिला शनिवारी, होळीच्या दिवशी. सोमवारी अठरा तारखेला मावशी धुतलेलं लुगडं नेसून कचेरीत आल्या आणि हरकत माझ्याच टेबलावर ठेवली. मी आवक शिक्का मारला, त्यांना पाणी दिलं. इतका खूश होतो की शिक्का मारताना शीळ घातली.

सुनावणी शुक्रवारी झाली. नानासाहेब मधे, लक्ष्मणराव उजवीकडे, वृत्तांत लिहायला मी कोपऱ्यात. मावशी उभ्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

लक्ष्मणरावांनी कागद उचलला आणि सरळ आवाजात म्हणाले, "हुकूम अठ्ठावीस फेब्रुवारीचा. मुदत पंधरा मार्चला संपली. हरकत आली अठराला. मुदतीबाहेर आहे. उतारा बघण्याचा प्रश्नच येत नाही."

मला वाटलं, वकीलसाहेब चुकून दुसराच कागद वाचताहेत. कचेरीत ठेवायची स्थळप्रत माझ्या मांडीवर होती. बघितली. वर अठ्ठावीस फेब्रुवारी, माझ्या यंत्राचा तो तिरका दोनचा आकडा. ज्योतीराम, चालत्या गाडीच्या पायरीवरून पाय सुटतो तेव्हा जे होतं ना, तेच झालं. कानात नुसता शू आवाज. हे कान माझे, ज्यांचा मला एवढा गर्व, त्यांना पुढची दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत.

मग ऐकलं ते नानासाहेबांचं. ते मावशींना विचारत होते, "बाई, एवढा मोलाचा उतारा जवळ असताना उशीर का केलात? सोमवारपर्यंत वेळ आहे असं कोणी सांगितलं होतं का तुम्हाला? सांगा, घाबरू नका."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग नानासाहेबांकडे तोंड करून म्हणाल्या, "कुनी न्हाई सांगितलं. म्याच बोटांवर मोजलं. म्हातारी हाय, चुकलं माझं."

लक्ष्मणराव माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा." आणि मी लिहिलं. "अर्जदार बाईंनी आपली चूक कबूल केली." माझ्या वळणदार अक्षरात, ओळ सरळ ठेवून.

त्या गेल्यावर फळीपलीकडे नानासाहेब म्हणाले, "लक्ष्मणराव, बाई खोटं बोलणारी वाटत नाही हो. काही करता येणार नाही का?" लक्ष्मणराव म्हणाले, "एकीला सूट दिली तर बाकीचेही दारात येतील. आणि तारखेखाली सही तुमची आहे, साहेब. स्वतःच्या हातानं तारीख घातली आहे तुम्ही." नानासाहेब म्हणाले, "ते खरं." दोघंही खरं बोलत होते. त्यांना दोघांनाही खरोखर वाटत होतं की तो हुकूम अठ्ठावीसला झाला. मधे फक्त मी होतो.

करीमला गाठून टपालवही मागितली. सतरा नोटिसा, सगळ्या पाच आणि सहा मार्चला वाटलेल्या. सतरापैकी पाच जणांच्या हरकती अशाच मुदतीबाहेर गेल्या आहेत. करीमनं माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "मालोजीराव, झालं काय? बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "काही नाही, नकला काढायच्या आहेत."

त्याच संध्याकाळी नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी खानावळीत गेलो. त्याआधी तुला ते कार्ड टाकलं होतं. म्हणजे बघ, मावशींनी माझ्यासाठी चूक अंगावर घेतली आणि मी ती लगेच पोस्टानं तुझ्याकडेही पाठवून दिली.

मावशींनी ताट मांडलं. मी म्हटलं, "माझं नाव का नाही सांगितलंत?"

"आन् सांगून काय झालं आसतं? अर्जदाराला घरी जाऊन सल्ला दिला म्हनून तुला काढलं आसतं. लेकरंबाळं हायेत तुझी."

"खानावळ जाईल मावशी."

"जाईल तर जाईल. खोपट पुन्यांदा बांधता येतंय. तू काय मुद्दाम केलंस व्हय? मोजताना चुकतंय मानूस. खा, वांगं आज बरं झालंय."

त्यांना वाटतं मी दिवस मोजायला चुकलो. कागदाचं त्यांना काहीच माहीत नाही. सांगायला मी तोंड उघडलं आणि त्यात घास घातला. वांगं खरंच चांगलं झालं होतं. मी दोनदा मागून घेतलं. शेजारी कारखान्याची माणसं हसत होती, कोणी ओव्हरटाइमच्या नावानं बोटं मोडत होतं, आणि त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं की पुढच्या सोमवारी इथं चूल नसेल. मावशींनी कोणालाच सांगितलेलं नाही. गिऱ्हाईक आधीच पांगेल म्हणून नव्हे. "जेवताना मान्साला वाईट बातमी देऊ न्हाई," म्हणाल्या.

रात्री मंजुळाबाईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, नोकरीची आठवण करून देईल. ती म्हणाली, "म्हातारी उभी होती आणि तुम्ही बसून लिहीत होता?" एवढंच. मग तोंड फिरवून झोपली.

म्हणून आज कचेरीत गेलो नाही. पुण्याला गेलो, मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर प्रतिज्ञापत्र केलं. अमावास्येच्या सह्या, उरलेले कागद, चार मार्च, सगळं त्यात आहे, काही राखलं नाही. बरोबर टपालवहीची नक्कल आहे आणि कलेक्टरकडे करायच्या अपिलाचा मसुदाही. उतारा तुझ्या नावचा, म्हणून अपिलावर तुझीच सही लागते. रजा मिळो न मिळो, शुक्रवारी सकाळी पुण्यात हजर राहा. आधी पाडकाम थांबवण्याचा तात्पुरता हुकूम मागायचा, बाकीचं नंतर. दुसरा वकील बघितला आहे, त्याचा पत्ता मागच्या पानावर आहे. माझ्या ओळखीनं गेलास हे त्याला सांगू नकोस. माझ्या ओळखीचा आता उपयोग कमी, अडचण जास्त. बाकीच्या चार जणांना मी स्वतः भेटतो आहे.

नानासाहेबांना अजून काहीच सांगितलेलं नाही. हे पाकीट पोस्टात पडल्यावर उद्या सकाळी त्यांच्या खोलीत जाईन. मुद्दामच हा क्रम ठेवला. आधी गेलो तर ते चहा मागवतील, "मालोजी, कोणाला कळलंय का हे?" असं हळूच विचारतील, आणि मी म्हणेन, "नाही साहेब." मी कसा आहे ते मला शुक्रवारी कळलं.

आईला पत्र लिही. राग लिहायचा तो मला लिही, तो मला पोचायला हवा. तिला एवढंच लिही की मोजताना कोणाचीच चूक झाली नव्हती, कागदावरची तारीखच मालोजीनं खोटी घातली होती. तुझ्याकडून आलं तर ती ते कोणाकडून तरी वाचून घेईल. मी सांगायला गेलो की ती पान वाढते, आणि मी जेवायला बसतो.

शुक्रवारी पुणे स्टेशनवर तुला उतरवून घ्यायला मी येईन. नको असेन तर नुसता पुढं चालत राहा, मी हाक मारणार नाही.

मालोजी