पस्तीस वर्षं न उघडलेली बंदूक

२१ ऑगस्ट
जिला पस्तीस वर्षं मला हात लावू दिला नाही ती बंदूक आज वहिनीनेच आणून माझ्या टेबलावर ठेवली! पोत्यात गुंडाळून. म्हणाली, "देवघराचं छप्पर गळलं हो भावजी. गंज चढलाय. कैलपोळदूला अशी कशी ठेवायची देवापुढे? मात्र ह्यांना सांगू नका."
शस्त्रांचा सण तीन सप्टेंबरला. तेरा दिवस आहेत. पोतं सोडलं नाही.

२२ ऑगस्ट
दुसऱ्यांच्या चार बंदुका खोलल्या, पुसल्या, जोडल्या. प्रत्येक तीनदा तपासली. नापोक्लूत म्हणतात, बिद्दप्पाच्या हातची बंदूक डोळे मिटून घ्यावी. कशी लागली ही सवय ते कोणी विचारत नाही. सगळ्यांना माहीतच आहे!

२४ ऑगस्ट
एकदा लिहूनच टाकतो. माचय्या, आमचा थोरला, एकाहत्तरच्या लढाईत गेला. तीन वर्षांनी पेम्मय्या अण्णाला सैन्याचं बोलावणं आलं. आठ दिवसांत निघायचं होतं. मी सोळा वर्षांचा, मामाकडे बंदुकीचं काम शिकत होतो. घरची दुनळी बंदूक मीच खोलून जोडली होती. फुशारकी केवढी! ती ओसरीत भिंतीला टेकवलेली, रानडुकरांसाठी नेहमीप्रमाणे भरलेली. दुपारी बार उडाला. अण्णाचा डावा पाय घोट्यापासून गेला.
"पडली आणि आपोआप उडाली. बिद्दूने खाच घासून ठेवली," असं ठरलं. अप्पा मरेपर्यंत माझ्याशी नीट बोलले नाहीत. मला सैन्यात बंदुका दुरुस्त करायच्या होत्या, पण कुठल्या तोंडाने जाणार? लंगड्या भावाचा कॉफीचा मळा सांभाळत राहिलो. अम्मत्ती गावच्या मुलीकडच्यांनी लग्न मोडल्याचा निरोप पाठवला — ज्याला बंदूक जोडता येत नाही तो संसार काय जोडणार!

२५ ऑगस्ट
उघडली.
स्क्रूंच्या चिरांत मेण तसंच आहे. माझंच, पोरवयातलं. म्हणजे त्यानंतर कोणी खोललेली नाही. एक स्क्रू टेबलाखाली गेला, तो शोधायलाच अर्धा तास.
बंदुकीचा घोडा अर्धा चढवला की खाचेत अडकतो. खाच झिजली असेल तर धक्क्याने सुटतो. माझी खाच झिजलेली नाही! भिंगाखाली पाहिली. खोल आणि धारदार आहे. मामानेही इतकी चांगली कापली नसती.
जोडली. रिकामी आहे ना, दोनदा पाहिलं. लाकडी हातोडीने पन्नासदा ठोकली. जमिनीवर पाडली. घोडा हलला नाही. तो सोडायला आधी अंगठ्याने पूर्ण मागे ओढावा लागतो आणि मग चाप दाबावा लागतो. कोणीतरी दोन्ही केलं!

२६ ऑगस्ट
ओसरीत त्या दुपारी अण्णा एकटाच होता.
भित्रा!

२७ ऑगस्ट
जेवण जात नाही. आम्हा लढवय्या कोडवांच्या घरात सैन्याला भिऊन पाय उडवून घेतला असं कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून धाकट्याच्या गळ्यात बांधलं. मी त्याला तेल लावायचो त्या पायाला! दर थंडीत! आणि हा डोळे मिटून लावून घ्यायचा.

३० ऑगस्ट
गेलो. अण्णा कॉफीच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता. म्हटलं, बंदूक खोलली. खाच शाबूत आहे.
काठीने माती उकरू लागला. मग म्हणतो, "बंदुकीने तुला एवढंच सांगितलं?"
"तू उडवलास ना बार? तूच ना?"
"हो, मीच. झालं समाधान? आता घरी जा. अव्वाच्या कानावर घालू नकोस."
माफी नाही. डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. म्हाताऱ्या आईच्या आड लपतोय, साठीला टेकला तरी!

२ सप्टेंबर
बंदूक चकचकीत केली. देवघरात ठेवून आलो. उद्या सगळं घराणं जमेल. उद्याच बोलेन.

३ सप्टेंबर
बोललो.
बंदुकांवर चंदन लावून झालं, कळलावीची फुलं वाहिली, नारळांवर नेम धरायला सगळे अंगणात आले. तेव्हा. चाळीस माणसं असतील. घोडा अर्धा चढवून, ठोकून दाखवला. म्हटलं, ही आपोआप उडत नाही. ह्याने सैन्य चुकवायला स्वतःचा पाय फोडला आणि पस्तीस वर्षं मला गुन्हेगार केलं.
 मग चुलते अण्णाच्या पायाशी पचकन थुंकले. म्हणाले, "माचय्याचा भाऊ म्हणवतोस?" अण्णा काठीवर रेलून, मान खाली घालून उभा होता.  वहिनी त्याला घेऊन गेली. डुकराचं मटण, कडंबुट्टूचे तांदळाचे गोळे तसेच पडले.
मला वाटलं होतं हलकं वाटेल.

४ सप्टेंबर
सकाळी अव्वा आली. ऐंशी वर्षांची, चढ चढून, एकटी. बसलीही नाही.
"पेम्मय्या झोपला होता रे. बार मी उडवला. एक मुलगा दिला होता सैन्याला, दुसरा देणार नव्हते."
"अण्णाला माहीत होतं?"
"डोळे उघडले तेव्हा बंदूक माझ्याच हातात होती."
"आणि माझं नाव?"
"तू सोळाचा. तुला कोण काय करणार, असं वाटलं."
अण्णाला सैन्यात जायचं होतं. आठ दिवस आधीच ट्रंक भरून बसला होता. आणि काल चाळीस माणसांत मी त्याला भित्रा ठरवलं.