फियाटच्या मागच्या सीटबाबत

लिहून ठेवणार : धम्मपाल खंडू रोकडे, वय ६८ वर्षे, एस.टी.च्या कार्यशाळेतून पेंटर म्हणून सेवानिवृत्त, मूळ गाव पिंपरी पेंढार, ता. जुन्नर, सध्या राहणार अवसरी बुद्रुक, ता. आंबेगाव, जि. पुणे.

हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीवर असताना, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला साखर आहे, पण स्मरण चांगले आहे. कोणाच्या सांगण्यावरून किंवा दडपणाखाली लिहीत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकील म्हणाले होते, "काका, तुमचं एका पानात होईल." तसे झाले नाही, याबद्दल वाचणाऱ्याने राग मानू नये.

१. अवसरी बुद्रुक येथील राहते घर माझी पत्नी कल्याणी हिला तिच्या हयातीपर्यंत द्यावे. तिच्या पश्चात ते आमची एकुलती मुलगी प्रतीक्षा हिचे होईल. पुढच्या खोलीच्या भिंतीला मी दिलेला रंग कल्याणीला पहिल्या दिवसापासून आवडलेला नाही. तो बदलण्यास माझी हरकत नाही.

२. बँकेतील ठेव आणि पोस्टातील खाते कल्याणीचे आहे. तेथे तिचे नाव आधीच लावलेले आहे.

३. माझे ब्रश, लांबी भरायचे पत्रे, कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन आळेफाट्यावरील गॅरेजवाले ज्ञानेश्वर यांना द्यावेत. माझा चार इंची ब्रश ते सन २००९ मध्ये दोन दिवसांसाठी घेऊन गेले होते. तो त्यांनी परत करण्याची आता आवश्यकता नाही.

४. आता गाडीविषयी. फिकट हिरव्या रंगाची फियाट, सन १९६६, वर्णन आर.सी. पुस्तकाप्रमाणे. ही गाडी माझे मित्र कै. सयाजी गेणभाऊ कुटे, राहणार पिंपरी पेंढार, यांनी दोन वर्षांपूर्वी, हिंडत्या-फिरत्या अवस्थेत, कायदेशीर सह्या करून माझ्या नावावर केली. ते या वर्षी फेब्रुवारीत वारले. गाडी मला का दिली हे त्यांच्या मुलाला, समर्थला, समजलेले नाही. ते कोठेतरी लिहिलेले असावे म्हणून येथे लिहितो.

गाडी सयाजीरावांचे वडील गेणभाऊ यांनी नवी घेतली होती. माझे वडील खंडू रोकडे त्यांच्याकडे कामाला होते. वडिलांनी ही गाडी एकोणीस वर्षे रोज सकाळी पुसली. डावा हात बॉनेटवर टेकवायचे आणि उजव्या हाताने फडके मारायचे. डावा हात टेकून टेकून तेथला रंग गेला, मग आतला रेड ऑक्साइडचा थर गेला आणि पत्रा दिसू लागला. ती जागा तळहाताहून थोडी मोठी आहे. या एकोणीस वर्षांत वडील गाडीत एकदाही बसले नाहीत. गेणभाऊंच्या वेळी त्यांना बसण्याची मुभा नव्हती. नंतर मुभा मिळाली, तेव्हा त्यांनीच नाकारले.

सन १९८६ मध्ये वडील आजारी पडले. सयाजीराव गाडी घेऊन आमच्या दारात आले आणि मागचे दार उघडून उभे राहिले. मी तेथे होतो.

"खंडूनाना, बसा. नारायणगावला दाखवून येऊ."

"न्हाई मालक. सीट मळंल."

"मळू द्या हो. सीट कशाला असती?"

"माझ्या पोरानं रंगवलेली यश्टी यील आता. तिच्यानं जातो."

ते एस.टी.ने गेले. ती एस.टी. मी रंगवलेलीच होती. पायरीच्या आत मी टाकलेली तारीख त्यांनी वाकून पाहिली. आम्ही रंगवलेल्या प्रत्येक गाडीवर अशी तारीख टाकायचो. चौथ्या दिवशी ते वारले.

त्यानंतर सयाजीराव आणि मी मित्र झालो. लोकांना याचे नवल वाटे, मलाही वाटे. दर रविवारी सकाळी आम्ही आळेफाट्याच्या एका हॉटेलात बाहेरच्या बाकावर बसायचो. नाशिककडे आणि नगरकडे जाणाऱ्या जुन्या गाड्या ओळखायच्या आणि वहीत लिहायच्या, हा आमचा छंद. नियम असा, की नंबर दोघांनी वाचला तरच गाडी धरायची. सदतीस वर्षांत सहा वह्या भरल्या. एखादी अँबेसिडर नव्या रंगात चकाकत गेली, की ते म्हणायचे, "पेंटर, तुमची नवरी चालली बघा." पत्रा गंजलेली एखादी विलीस जीप धूर सोडत आली, की मी म्हणायचो, "उठा राव, तुमची म्हातारी आली."

माझे मत असे, की गाडी कारखान्यातून निघाली तशी करावी. खड्ड्यांत लांबी भरावी, घासावी, रंग द्यावा. तिच्यासाठी राबलेल्या माणसांचा तो मान आहे. त्यांचे मत उलट होते. ते म्हणायचे, की गाडी जगली तशी दिसावी. हॉटेलवाला आम्हांला म्हणायचा, "पावणं, चहा गार झाला, भांडण अजून गरमच हाय."

परंतु फियाटचा विषय निघाला, की आम्ही दोघेही हळू बोलायचो. मी बॉनेट रंगवून देण्याची तयारी कितीदा तरी दाखवली. एकदा ते म्हणाले, "ती जागा रंगवली, तर खंडूनाना हितं व्हते ह्याला पुरावा काय?"

मी म्हणालो, "तुम्हांला पुरावा पाहिजे सयाजीराव. मला तो बघवत नाय."

त्या रविवारी आम्ही एकही गाडी लिहिली नाही.

त्यांच्या दहाव्याला, दहा लोकांत, समर्थ म्हणाला, "गाडी पुसणाराच्याच घरी गेली. बरं झालं." मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी फियाट ज्ञानेश्वरांच्या शेडमध्ये नेली आणि पूर्ण रंगवून काढायचे ठरवले. रंग मिसळून तयार होता.

कार्यशाळेत आम्हांला शिकवलेले आहे, की रंग जेथे गेला असेल तेथून घासायला सुरुवात करायची. एकतीस वर्षे मी तेच केले. त्या सवयीने पॉलिश पेपर घेऊन मी नेमका त्याच जागेवर लागलो. चार-पाच हात मारले असतील. मग आधारासाठी डावा हात टेकवला. तो त्या जागेच्या उरलेल्या अर्ध्या भागाच्या कडेला बरोबर जुळून बसला. वडिलांचा हात माझ्याहून मोठा होता असे मी समजत होतो. तसा नव्हता.

मी काम थांबवले. तोपर्यंत अर्धी जागा घासून पांढरी झाली होती. काळवंडलेला पत्रा वडिलांचा आणि चकाकणारा माझा. सगळ्या तालुक्यात ही चूक करणारा मी एकटाच असेन. संध्याकाळी कल्याणीने पाहिले. ती फक्त म्हणाली, "राहू द्या आता. तुमचाबी हात लागला."

मिसळलेला रंग डब्यातच वाळला. डबा शेडमध्ये आहे, तो फेकून द्यावा.

५. सबब ही फियाट मी माझी मुलगी प्रतीक्षा हिला देतो. गाडी नवी कोरी करावी असे तिचे म्हणणे आहे. ती माझीच मुलगी आहे. तिने इंजिन करावे, काचा बदलाव्यात, दारे आणि मागची बाजू हवी तर रंगवावी. बॉनेटला हात लावू नये. तेथे गंज धरू नये म्हणून दर महिन्याला तेलाचा बोळा फिरवावा, एवढेच. मागची सीट मात्र नवी करावी. चांगले कापड घ्यावे. मळेल म्हणून प्लास्टिक घालू नये.

६. सहाही वह्या समर्थ सयाजी कुटे यास द्याव्यात. पाच माझ्याकडे आहेत. सहावी या दिवाळीत तोच घेऊन आला. पूर्वी तो मला पेंटर म्हणायचा. दारातून म्हणाला, "काका, आण्णांच्या कपाटात सापडली. ह्यात गाड्या कमी न् तुमचंच नाव लई येळा हाय." मी वही त्याच्यासमोर उघडली नाही. चहा घेऊन जाताना तो फियाटजवळ थांबला आणि बॉनेटवरच्या जागेकडे बघून म्हणाला, "हे असं अर्धं कुणी घासलं?" मी म्हणालो, "मी." त्याने कारण विचारले नाही. दहाव्याला तो जे बोलला ते मी विसरलेलो नाही. त्याबद्दल त्याच्याकडून मला काही येणे नाही.

७. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने करावा. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरातील माझ्या वडिलांचा फोटो फियाटच्या मागच्या सीटवर ठेवावा. गाडी पिंपरी पेंढारला आमच्या जुन्या घरापासून आळेफाट्याच्या त्या हॉटेलापर्यंत न्यावी. हळू न्यावी. गाडी समर्थने चालवावी अशी माझी विनंती आहे. तो नाही म्हणाला तर प्रतीक्षाने चालवावी, आणि त्याच्याविषयी कोणी वाईट बोलू नये. मागचे दार कोणी उघडायचे हे मी लिहून ठेवत नाही. सयाजीरावांना कोणी ते लिहून दिले नव्हते.

८. वरील सर्व गोष्टी प्रतीक्षाने पार पाडाव्यात. यात न लिहिलेले काही निघाल्यास ते कल्याणीचे समजावे.

नोकरीत मी रंगवलेल्या प्रत्येक गाडीवर तारीख टाकली. फियाटवर टाकायची राहिली आणि आता राहू द्यावी. ती तारीख येथे टाकून सही करत आहे.

ठिकाण : अवसरी बुद्रुक
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

सही : धम्मपाल खंडू रोकडे

साक्षीदार : रोकडे यांनी हे मृत्युपत्र आम्हा दोघांसमोर वाचून दाखवले आणि सही केली. त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. यातील कोणतीही वस्तू आम्हांला मिळणार नाही.

१) चिमाजी बबन टेमकर, सेवानिवृत्त शिक्षक, अवसरी बुद्रुक
२) इंद्रायणी सार्थक भालेराव, आरोग्यसेविका, मंचर