चपलांपाशी बसलेले पप्पा

प्रिय पप्पा,

मराठीत एवढं मोठं पहिल्यांदाच लिहितेय. चुका काढू नका हं! पण काल मकबऱ्यावर जे झालं, ते तुम्हाला सोडून कुणाला सांगू?

आईला घेऊन गेले होते. तीच म्हणाली, "परत एकदा ने मला तिथं." पायऱ्यांपाशी तिनं चपला काढल्या, मागं वळली आणि अगदी सहज म्हणाली, "अहो, बघा हं."

मागं कुणीच नव्हतं, पप्पा.

आम्ही दोघी तशाच वर गेलो.

मागच्या वर्षीचा तो रविवार आठवतो? तुम्ही दोघं पाचोडहून पहिल्या एसटीनं माझ्या मुकुंदवाडीच्या रूमवर आलात. मी आठवडाभर प्लॅन करत होते! आधी पाणचक्की, मग मकबरा, संध्याकाळी हर्सूलचा तलाव. पाणचक्कीत मी जोरात सांगत होते, डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून कसं आणलं वगैरे. तुम्ही हौदात हात घातला आणि म्हणालात, "गाईडबाई, पाणी लई गार हाय, तेवढं सांगा की!" आई किती हसली होती!

मकबऱ्यावर मात्र पायऱ्या बघून तुम्ही खालीच बसलात.

"जावा तुम्ही दोघी. चपला कोण बघणार?"

"पप्पा, चपला कोण नेतंय इथं?"

"तुझ्या आईच्या नव्या हायेत."

मी चिडले. "चपलाच राखायच्या होत्या तर पाचोडच्या बाजारात बसायचं ना!"

तुम्ही हसलात. ते हसणं डोळ्यांपुढून जातच नाही.

आम्ही खाली आलो, तर चपला फिरवून ठेवलेल्या. तोंडं बाहेर, आलं की थेट पाय सरकवावा अशा. घरी पाहुण्यांच्याही तुम्ही अशाच लावायचात. आई पुढं गेली तसा तुम्ही माझा हात धरला. तुमचा तळवा ओला होता.

"छातीत जरा जड वाटतंय. गॅस असंल. सोडा पाज. आईला नको सांगू, उगं घाबरंल. आन् तुझं हर्सूल राहिलंय की अजून!"

आणि मी सोडा पाजला! मला खरंच हर्सूल दाखवायचं होतं, पप्पा. म्हणून गॅसच असेल, असं मी लगेच मानून टाकलं. तलावावर तुम्ही शर्टाच्या खिशावर हात ठेवून नुसते पाण्याकडं बघत होतात. मी फोटो काढत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पाचोडहून आईचा फोन आला.

का नाही जोरात सांगितलंत? माझा एक रविवार वाचवून काय मिळवलंत तुम्ही?

तेराव्यानंतर आईनं विचारलं, "तुला काही म्हणाले होते का गं?" मी नाही म्हटलं. मग दर वेळी तेच ‘नाही’ म्हणत राहिले.

काल आम्ही खाली उतरलो, तर चपला फिरवून ठेवल्या होत्या. दोन्ही जोड. तोंडं बाहेर.

बाजूला वॉचमन उभा होता. मी विचारलं, "काका, चपला कुणी हलवल्या का?"

"नाय बा. मी तर आत्ताच आलोय इकडं."

आईनं सावकाश पाय सरकवले. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मने, त्या दिवशी ते तुला काहीतरी म्हणाले होते. व्हय ना?"

मी म्हटलं, "चल, रिक्षा मिळणार नाही मग."

आत्ता ती आत मेथी निवडत बसलीये. हे लिहून झालं की मी तिच्याजवळ जाऊन बसणार आहे. ओल्या तळव्यापासून सोड्यापर्यंत सगळं सांगणार. ती रडेल. कदाचित माझ्याशी बोलणारही नाही. तिचा हक्कच आहे तो. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी आज सांगतेच. शब्द देते.

आणि पप्पा, तुम्ही आता उठा तिथून. चपलांचं मी बघते.

तुमची गाईडबाई,
मनू