होन्नकट्टीचा जास्तीचा ठोका

मरोळ, अंधेरी
९ नोव्हेंबर १९७१

प्रिय सेराफिना बाय,

गोरईला सगळे ठीक असाल. तुझ्या रीटाच्या लग्नाची गडबड सुरू झाली असेल आणि होणाऱ्या जावयावर तू आतापासूनच डाफरत असशील. इथे सगळं झकास.

बाय, मी काय बघून आलोय! होन्नकट्टी! हो, तीच, बाबा कामाला गेला होता ती सोन्याची खाण. गदगवरून पुढे बसने. तिथल्या जुन्या इंजिनाचा सौदा करायला गेलो होतो. इंजिन गंजून पार गेलंय, पण गाव बघून येडा झालो! मरोळात आपण कंदील पुसत होतो तेव्हा तिथे विजेचे दिवे होते. साहेबांचा क्लब, बिलियर्डचं टेबल, नाचायला सागवानी फरशी! मग सोनं आटलं, कंपनी गेली, माणसं तेवढी राहिली.

आता रविवारी हुबळीहून बसा भरून लोक येतात. दळलेल्या दगडाचा पांढराशुभ्र डोंगर आहे, अगदी तांदळाच्या पिठासारखा. पोरं गोणपाटावर बसून घसरतात, मागोमाग त्यांच्या आयाही. क्लबात खानावळ आहे, मटण असं की बोटं चाटशील. एक म्हातारा खाणकामगार ओढ्यात परात हलवून सोन्याचा कण काढून दाखवतो. मी म्हटलं, "मामा, हा तर कालचाच कण." म्हातारा खुदकन हसला. "साहेब, तीन वर्षं हाच काढतोय!"

संध्याकाळी रस्त्याने मिरवणूक आली. दुसऱ्या दिवशी लग्न, म्हणून नवरीच्या आंघोळीला विहिरीचं पाणी आणायला निघालेली. डोक्यावर घडे, पुढे मडक्याचं घुमट वाजतंय. अगं, आपलं उंबराचं पाणी! खानावळवाला ऐटीत सांगतो, "ही आमच्या खाणीची रीत. हिंदू, किरिस्तांव, सगळे पाळतात." मी म्हणणार होतो, खाणीची कसली, आमच्या मरोळची! तेवढ्यात घुमटानेच माझं तोंड बंद केलं.

प्रत्येक फेरीच्या शेवटी एक ठोका जास्त.

आठवतंय? सगळं मरोळ हसायचं, "पास्कू, तुझं घुमट अडखळतं रे!" आणि बाबा म्हणायचा, "तुमचंच लवकर थांबतं!" तीच चूक तिथे आख्खं गाव ठेका म्हणून धरतं. कोणी हसत नाही.

मी धरून चाललो की बाबाने मरण्याआधी कोणाला तरी शिकवलं असेल. पण वाजवणारी बाई चाळिशीच्या आतली, म्हणजे खाणीतल्या त्या अपघातानंतर जन्मलेली. विचारलं, कोणी शिकवलं? म्हणाली, "माझ्या बापाने."

बाय, इंजिन आणि मटण लिहीत बसलो, कारण हे लिहायला हात धजत नव्हता. बाबा खाणीत मेला नाही. दरड कोसळली त्यातून वाचला आणि घरी कळवलंच नाही. तिथेच दुसरं घर केलं. त्याला जाऊन सतरा वर्षं झाली. मुलीचं नाव विनी. कान आपल्यासारखेच, बाहेर आलेले. आपली नावं तिला ठाऊक होती. तू मोठी, मी धाकटा, हेसुद्धा. मला आधी राग आला, मग भूक लागली, मग तिने वाढलं.

आय आता नाही, तिला विचारता येत नाही. तू आहेस. गेल्या दोन तारखेला, मेलेल्यांच्या दिवशीही, तू क्रुसापाशी बाबाची मेणबत्ती लावली असशील, हे मला माहीत आहे. म्हणूनच सांगतोय.

आणि नेहमीच्या आगाऊपणाने मी विनीला रीटाच्या लग्नाचं आमंत्रण देऊन बसलोय. ती म्हणाली, "बाय हो म्हणाली तरच येईन. नाहीतर तुम्हीच येत जा." कितीही मस्का लावला, हलली नाही. हट्टी! कोणावर गेली ते तूच ओळख.

तेव्हा सगळं तुझ्या हातात. नाही म्हणालीस तर मी तिला कळवीन, तुझ्यावर बोल न येऊ देता. हो म्हणालीस तर गोरईच्या विहिरीवर जाताना घुमट तिच्याकडे दे. शेवटच्या ठोक्याला लोक हसतील. तू हसू नकोस. किंवा हस. बाबा वाजवायचा तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तूच हसायचीस, आणि तो तुझ्यासाठीच पुन्हा वाजवायचा.

तुझा, आणि तू म्हणशील तर तिचाही, भाऊ
अर्बन