इंजिन गार्डमधला फोम

३ जुलै

साडेसहा किलो! धाकट्या भावाच्या शर्यतीच्या मोटरसायकलखालून आज एवढा चिखल निघाला. इंजिन आणि खालचं गार्ड यांच्या फटीत नुसता ठासून भरलेला, आणि सायलेन्सरच्या गार्डमागचा तर भाजून कडक झालेला. लाकडी उलथन्याने खरवडला, बादलीत भरून काट्यावर ठेवला. सहा वर्षं हे माझंच काम. गाडी पळवणार तो, धुणार मी. सराव करून आला की "ताई, गाडी तुझ्या हवाली" म्हणतो आणि आंघोळीला पळतो.

आज म्हणाला, उद्या ती येऊन बघणार आहे. ती म्हणजे ज्या मुलीशी याचं जमलंय, टायरच्या दुकानात काम करते. बघू दे की. चिखल बघायला काय तिकीट आहे?

४ जुलै

बघून गेली. येताना गादीवाल्याकडून फोम आणला होता. फटींच्या मापाने तुकडे कापले आणि गार्डमध्ये कोंबले. जागाच उरली नाही तर चिखल बसेल कुठे, असं तिचं म्हणणं. फक्त इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा बेंड पाइप आगीसारखा तापतो, त्याच्यापासून फोम चार बोटं लांब हवा.

मी म्हटलं, मी गार्डला आतून तेल चोळते, चिखल घसरून जातो. तेल चोळूनच काल साडेसहा किलो निघाला होता — हे ती नाही बोलली. धाकटा बोलला.

८ जुलै

सरावानंतर तोलला. दीड किलो.

जळफळाट झाला माझा. लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय!

९ जुलै

घरात फोमवालीचं कौतुक सरेना. आईसुद्धा म्हणते, पोरगी डोक्याने काम करते हो. मग मी काय आजवर कोपराने केलं? नव्याचे नऊ दिवस म्हणतात. सहा झाले. मोजतेय.

आणि मला अहो-जाहो करते, ताई-ताई करते, उलथनं धुऊन जागेवर ठेवते. धड शिव्याही देता येत नाहीत.

खरं दुखणं वेगळंच आहे. ती गाडी धुते तेव्हा धाकटा शेजारी पाण्याची नळी धरून उभा असतो. सहा वर्षांत माझ्यासाठी एकदाही धरली नाही त्याने.

१३ जुलै

उद्या शर्यत. पहिल्या तिघांना कंपनीच्या टीममध्ये घेणार आहेत. धाकटा चार वर्षं यासाठी जिवाचं रान करतोय.

संध्याकाळी गाडी स्टँडवर होती. सवयीने वाकून बघितलं. उजवीकडचा फोमचा तुकडा सरकलाय — सरावाच्या धक्क्यांनी असेल — आणि बेंड पाइपला टेकलाय. ती मागेच हात पुसत उभी होती, माझ्याकडे बघत. मी उठले, गुडघे झटकले आणि मूग गिळून आत आले.

तिचा फोम, तिने बघावा! फार तर वास सुटेल, थोडा धूर होईल, चारचौघांत हसं होईल तिचं. होऊ दे.

नाहीतर सकाळी सांगेन.

१४ जुलै

नाही सांगितलं.

तिसऱ्या फेरीत तो दुसरा होता. चढावर गाडीखालून काळा धूर यायला लागला. फोम वितळून पाइपला चिकटला होता, पेटला. त्याने गाडी आडवी टाकली आणि जळता तुकडा हाताने ओढायला गेला. ग्लव्हजसकट तळवा भाजला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन महिने हँडल धरायचं नाही. टीमचं राहिलंच.

दवाखान्यात ती बाकावर बसून रडत होती आणि सगळे तिच्याकडेच बघत होते. माझ्याकडे कोणीही नाही. हेच हवं होतं ना मला?

१५ जुलै

धाकटा तिचा फोन उचलत नाही. दुपारी मी त्याला भरवत होते तर म्हणाला, "तुझं तेलच बरं होतं, ताई."

हे ऐकायला दहा दिवस तडफडले मी. ऐकलं, आणि चमचा खाली ठेवून बाहेर गेले.

१६ जुलै

ती आली होती. माफी मागायला — माझी! धाकटा आतल्या खोलीत पडलेला, दार उघडंच.

म्हणाली, "रात्रभर विचार केला, ताई. मी हात घालून तपासणारच होते. पण तुम्ही वाकून बघितलंत आणि काही बोलला नाहीत. म्हटलं, ताईंनी बघितलंय, आता आपण काय बघायचं. तुमच्यावर टाकून मोकळी झाले, चुकलं माझं."

मी आतल्या दाराकडे तोंड केलं. त्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "फोम पाइपला टेकलेला मला दिसला होता."