बाबांची गाडी तयार आहे

प्रिय भिंगरी,

तुझा गेमचा डबा माळ्यावरून खाली काढलाय. हसू नकोस. आजारपणानंतर बाबा तुझा फोन आला की आतल्या खोलीत निघून जातात, आणि आता तूही त्यांना बोलवायचं सोडलंस. बापलेकीचा हा अबोला मला या घरात नकोय. दिवसभर बस चालवून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा तुझ्याबरोबर टीव्हीवर गाड्या पळवायचा, जेवण गार व्हायचं, मी ओरडायची. तेच मला परत हवंय. म्हणून ठरवलं, हा डबा इंटरनेटला जोडायचाच. तू तिथून तुझ्या नव्या डब्यावर खेळ, ते इथून.

ठरवायला काय जातं! शिलाई मशीनच्या आवाजावरून मला कुठं काय अडलंय ते कळतं, पण इथे घोडं पेंड खायला लागलं. टीव्हीवर एकच धोशा, नेटवर्क सापडत नाही. वायरी उपटल्या, पुसल्या, पुन्हा खोचल्या. मग उजेड पडला. कापडाचे तंतू बसतात म्हणून राउटर मीच लोखंडी कपाटात कोंडून ठेवलाय, वर दार लावून. फोन त्याच खोलीत कसेबसे चालायचे, त्यामुळे शंका आली नाही. राउटर बाहेर काढला आणि नेटवर्कचं नाव झळकलं. खाली पासवर्डचा रकाना.

तो बाबांनी ठेवलेला. तुझी जन्मतारीख घालून पाहिली, त्यांच्या बसचा नंबरही. छे. बाबा खुर्चीतून सगळं बघत होते. विचारलं तर मान फिरवली. मग मीही हट्टाला पेटले. कंट्रोलर त्यांच्या मांडीवर ठेवला आणि मुकाट कापड बेतायला बसले. त्यांचा उजवा हात अजून नीट वळत नाही. डाव्या अंगठ्याने ते एकेक अक्षर शोधत होते, चुकत होते, पुसत होते. मी वर पाहिलं नाही. त्या नादात गिऱ्हाइकाच्या शर्टाची बाही आखूड कापली गेली. पण डबा जोडला गेला.

आता जे लेकीला सांगायचं नाही म्हणून त्यांनी मला खुणेनं बजावलंय, ते सांगते. फोनवर त्यांच्या कानावर जाईल, म्हणून हे पत्र. ते तुझ्यावर रागावलेले नाहीत गं. आजारात त्यांची वाचा बिघडली. शब्द अडतात, वेडेवाकडे बाहेर पडतात, आणि ते तुला ऐकू येऊ नयेत म्हणून ते फोनपासून पळतात. उपचार चालू आहेत, बोलतीलही, पण तोवर मी हातावर हात ठेवून बसणार नाही. खेळायला बोलावं लागत नाही. रविवारी संध्याकाळी तिथूनच खेळात ये. रडायचं नाही, तब्येत विचारायची नाही, आणि मुद्दाम हरायचं तर मुळीच नाही, त्यांना लगेच कळतं. डबा जोडल्यापासून रोज संध्याकाळी ते आपली गाडी निवडतात, दुसऱ्या गाडीवर तुझं नाव घालतात, आणि शर्यत सुरू न करता बसून राहतात.

तुझीच,
हट्टी आई