कॅटलॉगवरचं नाव

३ जुलै, गुरुवार

रुपालीला कामाला लागून महिना नाही झाला, तर भाईदासशेठ तिच्याच नावाचा जप करतात! 'रुपालीने पूछो, रुपालीने आपो.' तिला विचारा, तिलाच द्या! करते काय ती? साडीचं डिझाइन मी काढते. ती माझी मोठी, स्वच्छ टिफ फाइल हलकी जेपीजी करून व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती दाखवायला धाडते. तो हो म्हणाला की मूळ टिफ छपाईला. बस्स. बटणं दाबायची आणि गोड हसायचं! शेठ म्हणतात, 'बहु फास्ट छे!' माझं कमळाचं डिझाइन आठवडाभर चाललं होतं तेव्हा मला काय म्हणाले? 'धनश्रीबेन, केटली वार?' किती वेळ म्हणे!

५ जुलै

जळते का मी? हो, जळते.

७ जुलै, सोमवार

आमच्या धंद्यात साड्यांच्या कॅटलॉगला बाईचं नाव ठेवतात. शेठच्या सुना झाल्या, भाच्या झाल्या. कमळाच्या कॅटलॉगला म्हणे ऑफिसातल्या मुलीचं नाव. माझंच असणार ना! कमळ कोणाचं? आई तर कधीची मागे लागलीय, माझं नाव कधी येणार म्हणून — 'तुन्हं नाव कवय येई वं?'

आणि आज शेठ सगळ्यांसमोर — 'नाम रुपाली राखीए. मॉडर्न लागे.' ती लाजली. मी डबा न उघडताच घरी आणला.

८ जुलै

बाटली भरायला उठले आणि तिच्या स्क्रीनवर नजर गेली. व्यापाऱ्याने पसंत केलेली व्हॉट्सअ‍ॅपवरचीच जेपीजी उतरवून घेऊन ती तिची परत टिफ करत होती. छपाईसाठी! जेपीजी करताना गेलेली सफाई नुसतं परत टिफ केल्याने येते का? चोथ्यातून रस निघत नाही. कमळाच्या कडेला ठिपके, मुंग्या लागल्यासारखे. मूळ फाइल शेजारच्याच फोल्डरमध्ये होती.

मी तोंड उघडलंही होतं. तिने वर बघून विचारलं, 'ताई, बरोबर आहे ना?'

म्हटलं, 'हो हो, चालू दे.'

होऊ दे फजिती! मग बघू कोणाचं नाव राखतात.

१० जुलै, गुरुवार

सॅम्पल आलं. राणी रंगावर मुंग्याच मुंग्या! माझ्या कमळाची पार रया गेली. मी मान खाली घालून आरडाओरड्याची वाट बघत बसले. शेठनी पदर हातभर लांब धरला. 'आ शुं छे? नवी इफेक्ट? चालशे! आखो लॉट काढो.'

चालशे!!

रुपालीने टाळ्या वाजवल्या. तिला तर दिसलंच नाही. मला बोलायचं होतं, अजून वेळ होता. पण शेठनी विचारलं असतं, तुला कधी कळलं?

१२ जुलै

लॉट निघाला. आता सगळ्या बाजारात 'रुपाली, रुपाली' होणार. माझं फूल नासवून! जेवण गोड लागत नाही.

१५ जुलै, मंगळवार

कॅटलॉग छापून आले. रुपाली एक घेऊन धावतच माझ्याकडे आली — 'ताई, मीच शेठना सांगितलं. फूल ताईंचं, तर नावही ताईंचंच.'

वर सोनेरी अक्षरांत — धनश्री.

आईला फोनवर सांगितलं, तर तिला आनंद मावेना. 'पाच साड्या आन, गावमा दखाडसू!'

पाचही साड्यांवर मुंग्या. आणि नाव माझं.